बक आयलंडची दिवसभराची सफर

अमेरिकन व्हर्जिन बेटांपैकी सर्वांत मोठे बेट सेंट क्रॉय. त्याच्या उत्तर किनाऱ्यावरच्या ख्रिश्चनस्टेड गावापासून ईशान्येला सुमारे साडेपाच मैलांवर बक आयलंड नावाचे १७६ एकरांचे बेट आहे. लांबी दोन किलोमीटरपेक्षा थोडी कमी, रुंदी त्याच्या निम्म्याहून कमी, मधला डोंगर सुमारे १०० मीटर उंच. वस्ती नाही, दुकान नाही, पिण्याचे पाणी नाही. तरी वर्षातले बहुतेक दिवस सकाळी ख्रिश्चनस्टेडच्या धक्क्यावरून शिडाच्या बोटी प्रवासी घेऊन इकडे निघतात. प्रवासी प्रवाळावर स्नॉर्केलिंग करतात, पश्चिमेच्या पांढऱ्या वाळूवर उतरतात आणि दुपारी परततात. कॅरिबियनमध्ये सुट्टीवर आलेल्यांना अशा सफरी प्रत्येक बेटावर मिळतात. पण हा धंदा कसा उभा राहिला, त्याला वळण कोणी लावले आणि त्यात आज नेमके काय निवडायचे असते, हे बक आयलंडच्या इतिहासात जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच कुठे दिसेल. बोट किती मोठी, किती वाजता निघायचे, नांगर कुठे टाकायचा, पाण्यात कुठे उतरायचे, यातले बरेचसे प्रवाशाने पैसे मोजण्याआधीच ठरलेले असते. काही वाऱ्याने ठरवले, काही खडकाने आणि काही कायद्याने.

या भागात वर्षभर पूर्वेकडून व्यापारी वारे वाहतात. ख्रिश्चनस्टेडहून बक आयलंडला जाणे म्हणजे वाऱ्याच्या तोंडावर जाणे आणि परतणे म्हणजे वारा पाठीशी घेऊन येणे. म्हणून जाताना बोट कलते, उसळते, पुढे बसलेले भिजतात. येताना तेच पाणी शांत वाटते. डिसेंबर ते फेब्रुवारी हा पर्यटनाचा भर हंगाम, आणि वारा सर्वांत जोरकस असतो तोही याच काळात. तिथले लोक त्या वाऱ्यांना नाताळचे वारेच म्हणतात. बेटाच्या दोन तृतीयांश भागाला प्रवाळाच्या भिंतीने वेढले आहे. ही भिंत लाटा अंगावर घेते, त्यामुळे तिच्या आत उथळ आणि शांत पाण्याचा पट्टा तयार होतो. वाऱ्यामुळे शिडाची सफर शक्य होते आणि भिंतीमुळे पोहणे. पण शिडांच्या जमान्यात याच दोन गोष्टी एकत्र आल्या की जहाजे फुटत.

कोलंबसाची जहाजे १४ नोव्हेंबर १४९३ रोजी सेंट क्रॉयच्या उत्तर किनाऱ्यावर सॉल्ट रिव्हरच्या मुखाशी थांबली. तिथे स्थानिक लोकांशी त्यांची चकमक झाली. पुढच्या अडीचशे वर्षांत बेट स्पॅनिश, डच, इंग्रज आणि फ्रेंच अशा अनेक हातांतून गेले. १७३३ मध्ये डॅनिश वेस्ट इंडिया कंपनीने ते फ्रान्सकडून विकत घेतले आणि ख्रिश्चनस्टेड गाव आखून वसवले. गावाचे बंदरही प्रवाळाच्या बांधामागे आहे. आत येण्याची वाट अरुंद आणि वळणाची. ही अडचण डॅनिश काळात शत्रूच्या जहाजांना होती, आजच्या अवाढव्य क्रूझ जहाजांनाही आहे, आणि तिचा या सफरींवर झालेला परिणाम पुढे येईलच.

डॅनिश सेंट क्रॉय म्हणजे ऊस आणि गुलाम. ज्या वाऱ्यावर आज प्रवाशांच्या बोटी चालतात त्याच वाऱ्यावर उसाचे चरक फिरत. त्या पवनचक्क्यांचे दगडी बुरूज आजही बेटभर उभे आहेत. आफ्रिकेतून माणसे भरून येणारी जहाजेही याच वाऱ्याने येत. त्यांतली ‘मेरी’ १७९७ मध्ये आणि ‘जनरल ॲबरक्रॉम्बी’ १८०३ मध्ये बक आयलंडच्या परिसरातल्या खडकावर आदळून फुटली. या अवशेषांचा शोध अलीकडे अमेरिकेची नॅशनल पार्क सर्व्हिस आणि स्मिथसोनियनशी जोडलेला ‘स्लेव्ह रेक्स प्रोजेक्ट’ यांनी हाती घेतला. जिथे लोक मासे पाहायला उतरतात तिथल्या पाण्याला हा इतिहास आहे. सफरीवर तो सांगितला जातोच असे नाही. सांगितला जायलाच हवा. सेंट क्रॉयच्या गुलामांनी ३ जुलै १८४८ रोजी फ्रेडरिकस्टेड इथे एकवटून स्वातंत्र्य मागितले आणि गव्हर्नर पीटर फॉन शोल्टेन यांना त्याच दिवशी ते जाहीर करावे लागले. त्यानंतर मळेवाल्यांना मजूर कमी पडू लागले. १८६३ मध्ये ‘मार्स’ नावाच्या जहाजातून कलकत्त्याहून तीनशेवर करारबद्ध मजूर इथे आणले गेले. पाच वर्षांचा करार संपल्यावर त्यांतले बहुतेक परतले आणि हा प्रयोग पुन्हा झाला नाही.

भारतातून आलेल्या दुसऱ्या एका पाहुण्याने मात्र कायमचा मुक्काम ठोकला. उसातल्या उंदरांचा बंदोबस्त व्हावा म्हणून १८७२ मध्ये डब्ल्यू. बी. एस्प्यूट या मळेवाल्याने कलकत्त्याहून नऊ मुंगूस जमैकाला नेले. त्यांची पिल्ले बेटाबेटांवर पसरली आणि १८८० च्या दशकात सेंट क्रॉयला पोचली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंगूस बक आयलंडवरही सोडले गेले. त्यांनी उंदीर संपवले नाहीत, पण कासवांची अंडी आणि जमिनीवरचे सरडे फस्त केले. माणसांनी तिथले लिग्नम व्हिटे हे पोलादासारखे कठीण लाकूड आधीच तोडून नेले होते आणि शेळ्या चरायला सोडल्या होत्या. म्हणजे आज जे बेट प्रवाशांना अस्पर्श निसर्ग म्हणून दाखवले जाते ते शंभर वर्षांपूर्वी चांगलेच ओरबाडलेले होते. त्याची आजची हिरवाई राखून, निगुतीने परत आणलेली आहे.

डेन्मार्कने ही बेटे अडीच कोटी डॉलरच्या सोन्याला अमेरिकेला विकली. हस्तांतर झाले ३१ मार्च १९१७ रोजी. अमेरिकेला पनामा कालव्याच्या वाटेवर नाविक ठाणे हवे होते. पर्यटन कोणाच्या मनातही नव्हते. साखरेचा धंदा उतरणीला लागला होता. बेटाबेटांमधली वाहतूक स्थानिक बांधणीच्या शिडाच्या होड्यांवर चाले. टोर्टोलाचे स्लूप गुरे, कोळसा, भाजी घेऊन सेंट थॉमसच्या बाजारात येत. दक्षिणेला कारियाकू आणि बेकियामध्ये आजही अशा होड्या किनाऱ्यावर बांधल्या जातात. पुढे पर्यटकांना समुद्रावर नेण्याचा धंदा उभा राहिला तेव्हा लागणारे कौशल्य, म्हणजे पाण्याच्या रंगावरून खडकाची खोली ओळखणे, खडकांच्या फटीतून होडी नेणे, वाऱ्याचा अंदाज बांधणे, हे या दर्यावर्दी लोकांकडे आधीच होते. यॉटचा इतिहास लिहिणारे बहुतेकदा गोऱ्या कप्तानांपासून सुरुवात करतात. तो अन्याय आहे.

पण नुसती होडी असून स्नॉर्केलिंगची सफर होत नाही. पाण्याखाली पाहता यायला हवे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून काही ठिकाणी काचेच्या तळाच्या होड्या होत्या. १९२७ मध्ये निसर्गशास्त्रज्ञ विल्यम बीब यांनी हैतीच्या किनाऱ्यावर वरून हवा पुरवलेले धातूचे शिरस्त्राण घालून प्रवाळात फेरफटके मारले आणि पुढच्याच वर्षी त्यावर पुस्तक लिहिले. सामान्य माणसाच्या आवाक्यातली साधने मात्र फ्रान्समधून आली. लुई द कोर्लिए यांनी १९३३ मध्ये पायातल्या रबरी पंखांचे पेटंट घेतले. मॅक्सिम फोर्जो यांनी १९३८ च्या सुमारास डोळे आणि नाक एकाच काचेमागे झाकणारा मुखवटा आणला. हा बदल महत्त्वाचा. नुसत्या गॉगलमध्ये खोल गेल्यावर पाण्याचा दाब डोळ्यांवर येई. नाक आत घेतल्यावर पोहणाऱ्याला नाकावाटे हवा सोडून तो दाब सारखा करता येऊ लागला. त्याला श्वासाची वाकडी नळी जोडली की आजचा स्नॉर्केलचा संच पूर्ण होतो. ऑलिंपिकमध्ये शिडाच्या शर्यतीत सुवर्णपदक मिळवलेले ओवेन चर्चिल १९४० मध्ये अमेरिकेत पंख बनवून विकू लागले आणि युद्धात नौदलाच्या पाणबुड्या जवानांनी ते वापरले.

कॅरिबियन प्रवाळाची ओळख युरोपला करून दिली ती हान्स हास या विशीतल्या व्हिएन्नाच्या तरुणाने. १९३९ मध्ये दोन मित्रांसह तो क्युरासाओ आणि बोनेर इथे आला, भाल्याने मासे मारले आणि पाण्याखाली छायाचित्रेही घेतली. पहिल्या दोन दशकांत स्नॉर्केलिंगचा अर्थ बहुतेकांसाठी शिकार हाच होता. नुसते पाहण्यासाठी पैसे देऊन जाणे ही त्यानंतरची गोष्ट आहे. बोनेरने १९७१ मध्ये भाल्याची शिकार बंद केली आणि १९७९ मध्ये सागरी उद्यान जाहीर केले. व्हर्जिन बेटांमध्ये हे वळण त्याहून आधी आले.

युद्धानंतर यॉट भाड्याने देण्याचा व्यवसाय अँटिग्वात सुरू झाला असे सामान्यतः मानतात. ब्रिटिश नौदलातले निवृत्त कमांडर व्हर्नन निकलसन १९४९ च्या सुरुवातीला पत्नी आणि मुलांसह ‘मॉलीहॉक’ या जुन्या शिडाच्या जहाजातून इंग्लिश हार्बरमध्ये आले. ओस पडलेल्या नौदल गोदीत त्यांनी मुक्काम केला आणि श्रीमंत पाहुण्यांना बेटांमधून फिरवू लागले. त्या सफरी आठवड्या-दोन आठवड्यांच्या असत. एका दिवसाची सफर हे त्या व्यवसायाचे धाकटे भावंड. त्याला गिऱ्हाईक मिळायला आणखी दोन गोष्टी घडाव्या लागल्या. क्युबात १९५९ मध्ये क्रांती झाली आणि दोन वर्षांत अमेरिकन प्रवाशांना हवानाचे दार बंद झाले. त्याच सुमारास जेट विमाने सान हुआनला उतरू लागली. हवानाला जाणारी माणसे पोर्तो रिको आणि व्हर्जिन बेटांकडे वळली. ही माणसे आठवडाभराच्या सुट्टीवर हॉटेलात राहत. त्यांना यॉट परवडत नसे, पण एक दिवस समुद्रावर घालवायला आवडे.

त्याच काळात अमेरिकेत एक कायदा झाला. त्याची छाप आजही प्रत्येक सफरीच्या जाहिरातीवर दिसते, मात्र वाचणाऱ्याला ती ओळखू येत नाही. १ सप्टेंबर १९५१ रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या माँटॉकजवळ ‘पेलिकन’ ही मासेमारीच्या हौशी प्रवाशांची बोट उलटली. बोटीवर क्षमतेपेक्षा कितीतरी जास्त, ६४ माणसे होती, ४५ बुडाली. त्यानंतर १९५६ मध्ये सहापेक्षा जास्त प्रवासी पैसे घेऊन नेणाऱ्या बोटींची तटरक्षक दलाकडून तपासणी सक्तीची झाली. बोटीचा सांगाडा, तोल, जीवरक्षक जाकिटे, आगीची साधने, सारे तपासले जाते. सहा किंवा कमी प्रवासी नेणाऱ्या बोटीला कप्तानाचा परवाना पुरतो. बोटीची तशी तपासणी होत नाही. त्यामुळे धंद्याचे सरळ दोन भाग पडले. एकीकडे सहा जणांच्या छोट्या शिडाच्या बोटी, जिथे कप्तान प्रत्येकाला नावाने ओळखतो आणि प्रवाशाच्या हातात सुकाणूही देतो. दुसरीकडे तपासणी झालेल्या मोठ्या बोटी, जिथे माणशी दर कमी पडतो आणि पाण्यात लक्ष ठेवायला खलाशी जास्त असतात. व्हर्जिन बेटांमध्ये ‘जास्तीत जास्त सहा पाहुणे’ असे लिहिलेले दिसते त्यामागे जिव्हाळा असेलही, पण आकडा कायद्यातून आला आहे.

प्रवाळ राखण्याचा विचारही याच दशकात जोर धरू लागला. बक आयलंडला संरक्षण देण्याची पहिली पावले १९४८ मध्ये पडली होती. शेजारच्या सेंट जॉनवर लॉरन्स रॉकफेलर यांनी पाच हजारांवर एकर जमीन दिली आणि १९५६ मध्ये तिथे राष्ट्रीय उद्यान झाले. २८ डिसेंबर १९६१ रोजी राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी घोषणा काढून बक आयलंड आणि भोवतालचा खडक राष्ट्रीय स्मारक केला. राष्ट्रीय स्मारक म्हटले की किल्ला, वाडा किंवा दरी डोळ्यांसमोर येते. इथे मुख्य ठेवा पाण्याखाली होता.

त्यानंतर बेटाच्या पूर्व टोकाला पाण्याखालची पायवाट आखली गेली. ही कल्पना त्या काळी इतकी नवी होती की आज तिचे अप्रूप पटवून देणे अवघड जाते. भिंतीच्या आतल्या शांत पाण्यात बोट बोयाला बांधायची. पोहणाऱ्यांनी मुखवटा लावून उतरायचे. तळाशी बसवलेल्या फलकांवर बाण आणि नावे कोरलेली. हा मेंदूसारखा दिसणारा प्रवाळ, हा समुद्रपंखा, इकडे वळा. एल्कहॉर्न प्रवाळाच्या सांबरशिंगी फांद्या तळापासून वर येत येत पाण्याच्या पृष्ठभागाला टेकत. त्यांच्यामधल्या गल्लीतून पोहताना दोन्ही बाजूंना पिवळसर तपकिरी छत आणि त्याखाली निळ्या टँग माशांचे थवे असत. पाणी इथे साधारण चार मीटर खोल. श्वास रोखून खाली जाण्याचीही गरज नव्हती. शाळेतली मुले, आजी-आजोबा, पोहायला नुकतेच शिकलेले, सगळ्यांना पाहता येईल असा हा प्रवाळ होता. एका दिवसाच्या सफरीला असे ठिकाण मिळणे ही सेंट क्रॉयच्या बोटवाल्यांची मोठी ठेव होती. तिथे प्रवासी न्यायचे तर पार्क सर्व्हिसचा परवाना लागे, आजही लागतो, आणि तो मोजक्याच व्यावसायिकांना मिळतो. स्वतःची बोट घेऊन येणाऱ्यालाही नांगर टाकायला परवानगी घ्यावी लागते, आणि तोही पश्चिमेच्या वाळूतच टाकता येतो.

सेंट क्रॉयवरचा उसाचा शेवटचा हंगाम १९६६ मध्ये झाला. त्याच वर्षी नॉर्वेचे क्नूट क्लॉस्टर आणि इस्रायलहून अमेरिकेत आलेले टेड अॅरिसन यांनी मायामीहून ‘सनवर्ड’ जहाजाच्या नियमित क्रूझ सुरू केल्या, आणि कॅरिबियन पर्यटनाचे रूप पालटले. क्रूझचे प्रवासी सकाळी उतरतात आणि संध्याकाळी जहाजावर परततात. त्यांच्या वेळापत्रकात बसणारी सफर हवी, म्हणून अर्ध्या दिवसाचा साचा घट्ट झाला आणि एका बोटीवर जास्तीत जास्त माणसे मावतील अशा बोटींची मागणी वाढली. ग्रँड केमनचे ‘स्टिंगरे सिटी’ हे याचे ठळक उदाहरण. कोळी उथळ वाळूवर मासे साफ करत, टाकाऊ भाग पाण्यात फेकत आणि स्टिंगरे गोळा होत. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात डायव्हिंग शिकवणाऱ्यांनी त्यांना हाताने भरवायला सुरुवात केली आणि काही वर्षांत तिथे बोटींची रीघ लागली. सेंट क्रॉय यातून बऱ्याच अंशी वाचले, याचे श्रेय ख्रिश्चनस्टेडच्या त्या अरुंद बंदरालाच. मोठी जहाजे आत येऊ शकत नाहीत. ती पश्चिम किनाऱ्यावर फ्रेडरिकस्टेडला लागतात. तिथून ख्रिश्चनस्टेड गाठायला बेट ओलांडून गाडीने यावे लागते. म्हणून बक आयलंडच्या बोटींवर हॉटेलांत राहणारे प्रवासीच जास्त राहिले. सप्टेंबर १९७२ मध्ये इथल्या एका गोल्फ क्लबवर आठ जणांची हत्या झाली आणि त्यानंतर बरीच वर्षे तेही कमी झाले.

बोटींचा प्रकारही दरम्यान बदलला. सुरुवातीच्या बोटी एका सांगाड्याच्या, खोल तळाच्या होत्या. वारा लागला की एका बाजूला कलत; दर्यावर्दींना त्यात मजा, नवख्यांना मळमळ. उथळ प्रवाळात त्यांचा खोल तळ अडचणीचा ठरे. मग तीन सांगाड्यांच्या ट्रायमरान आल्या आणि पुढे जोडसांगाड्याच्या कॅटमरान. पर्यटकांना फिरवणाऱ्या आधुनिक कॅटमरानचा उगम हवाईत आहे. वुडी ब्राउन यांनी युद्धकाळात ख्रिसमस बेटावर स्थानिकांचा जोडहोडा पाहिला आणि १९४७ मध्ये अल्फ्रेड कुमालाए आणि रूडी चॉय यांच्यासह होनोलुलुत ‘मानु काई’ बांधली. तिच्यात बसवून ते वायकिकीच्या किनाऱ्यावरून पाहुण्यांना न्यायचे. कॅटमरान फारशी कलत नाही, उथळ पाण्यात शिरते, वाळूपर्यंत येते आणि दोन सांगाड्यांमधल्या जाळीवर प्रवाशांना लोळता येते. सेंट क्रॉयला याचा खास संबंध आहे. १९८५ मध्ये रॉजर हॅटफील्ड आणि रिच डिफीड यांनी इथे ‘गोल्ड कोस्ट यॉट्स’ हा कारखाना काढला आणि खास एका दिवसाच्या सफरीसाठीच्या कॅटमरान बांधायला सुरुवात केली. रुंद डेक, चढउतारासाठी शिड्या, मुखवटे आणि पंख ठेवायच्या पेट्या, पोहून आल्यावर अंगावर घ्यायला गोड्या पाण्याचा फवारा. घर म्हणून राहायची बोट आणि दिवसाची बोट यांतला फरक त्यांनी पक्का ओळखला. इथे बांधलेल्या बोटी कॅरिबियनमध्ये आणि बाहेरही चालतात. पर्यटकांनी भरलेल्या बेटावर पर्यटनासाठी काही वस्तू तयार होते, हे कॅरिबियनमध्ये विरळाच.

बोटी सुधारत होत्या त्याच वर्षांत खडक मरत होता. सेंट क्रॉयच्या पूर्व टोकाला फेअरली डिकिन्सन विद्यापीठाची वेस्ट इंडीज लॅबोरेटरी होती. तिथल्या विल्यम ग्लॅडफेल्टर यांनी १९७० च्या दशकात एल्कहॉर्नच्या फांद्यांवर एक पांढरा पट्टा बुंध्यापासून टोकाकडे सरकताना पाहिला. पट्ट्याच्या मागे उघडा चुनखडी सांगाडा उरत असे. या व्हाइट-बँड रोगाने पुढे साऱ्या कॅरिबियनमधला एल्कहॉर्न संपवत आणला. बक आयलंडवर अभ्यासलेल्या भागात १९७६ मध्ये ८५ टक्के तळ या जिवंत प्रवाळाने झाकलेला होता. १९८८ मध्ये ५ टक्के उरला. जानेवारी १९८३ मध्ये पनामाजवळ लांब काट्यांचे काळे सी-अर्चिन मरू लागले आणि वर्षभरात ती साथ सर्वत्र पसरली. हे अर्चिन खडकावरचे शेवाळ खरवडून साफ ठेवत. ते गेल्यावर मोकळ्या जागेवर नवा प्रवाळ धरण्याऐवजी शेवाळ माजले. मग सप्टेंबर १९८९ मध्ये ह्युगो हे वादळ थेट सेंट क्रॉयवर आले. दक्षिणेकडचा प्रवाळ चुरा होऊन भिंतीवर फेकला गेला. प्रयोगशाळा उद्ध्वस्त झाली आणि बंदच पडली. हा सर्व ऱ्हास ज्यांनी नोंदवला त्यांचेच घर गेले.

२००१ च्या जानेवारीत राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी स्मारकाला १८,१३५ एकर समुद्र जोडला आणि एकूण क्षेत्र १९,००० एकरांच्या पुढे गेले. तोवर ठरावीक मासेमारीला मुभा होती, ती काढून घेतली. स्थानिक कोळ्यांना हा निर्णय जाचला. पिढ्यान्‌पिढ्यांची मासेमारीची ठिकाणे एका घोषणेने बंद झाली, आणि त्याच पाण्यात प्रवासी नेणाऱ्या बोटींचे परवाने मात्र चालू राहिले. त्यांच्या तक्रारीत तथ्य होते. पण मोठे मासे परत यायचे तर काही पाणी पूर्ण मोकळे सोडावेच लागते, हेही तितकेच खरे. २००५ च्या उन्हाळ्यात समुद्र इतका तापला की व्हर्जिन बेटांमधला प्रवाळ पांढरा पडला आणि त्यानंतरच्या रोगांत निम्म्याहून अधिक जिवंत प्रवाळ गेला. २००६ मध्ये एल्कहॉर्न आणि स्टॅगहॉर्न हे अमेरिकेच्या संकटग्रस्त प्रजातींच्या कायद्याखाली आलेले पहिले प्रवाळ ठरले. सप्टेंबर २०१७ मध्ये मारिया वादळ सेंट क्रॉयच्या अगदी जवळून गेले. २०१९ पासून प्रवाळाची ऊती गाळणारा नवा रोग व्हर्जिन बेटांत पसरला, २०२२ मध्ये सी-अर्चिन पुन्हा मरू लागले, आणि २०२३ च्या उष्णतेत पुन्हा सारा कॅरिबियन पांढरा पडला.

बेटाच्या जमिनीवर मात्र उलटे घडले. शेळ्या गेल्या, १९८० च्या दशकात मुंगूस पूर्ण काढले, त्यानंतर उंदीरही. हॉक्सबिल, हिरवी आणि लेदरबॅक कासवे किनाऱ्यावर अंडी घालतात आणि रात्रभर जागून त्यांची नोंद ठेवणारा इथला प्रकल्प १९८० च्या दशकापासून चालू आहे. मुंगसांनी सेंट क्रॉयवरून नामशेष केलेला जमिनीवरचा सरडा ग्रीन के या छोट्या बेटावर तग धरून होता. २००८ मध्ये त्यांतले ५७ सरडे बक आयलंडवर आणून सोडले आणि त्यांची संख्या वाढली. दुपारी वाळूवरून डोंगरावर जाणाऱ्या पायवाटेने चढणाऱ्या प्रवाशांना ते पाचोळ्यात सळसळताना दिसू शकतात. माथ्यावरून भिंतीची सारी आखणी दिसते: बाहेर गडद निळे पाणी, मध्ये फेसाची रेघ, आत फिकट हिरवा पट्टा.

आजच्या सफरीची रचना या साऱ्यातून आली आहे आणि निवडही त्या अंगाने करावी लागते. अर्ध्या दिवसाच्या सफरीत सुमारे चार तास मिळतात. जाताना वारा तोंडावर असल्याने बऱ्याच बोटी शिडासोबत इंजिनही चालवतात, आणि वेळ कमी असेल तर इंजिनच जास्त. ज्याला शिडाचा प्रवास हवा त्याने पूर्ण दिवसाची सफर घ्यावी. त्यात वाळूवर जेवण आणि डोंगराची वाटही बसते. कलणाऱ्या बोटीची भीती किंवा समुद्र लागण्याचा त्रास असेल त्याच्यासाठी कॅटमरान, समुद्राची खरी ओढ असेल त्याच्यासाठी सहा जणांची एका सांगाड्याची बोट. पोहणे कच्चे असणाऱ्याने पाण्यात खलाशी सोबत उतरतो का, तरंगते जाकीट आणि धरायला रिंग देतात का, हे आधी विचारावे. पाण्याखालच्या पायवाटेवर भिंतीबाहेरच्या लाटेचा रेटा जाणवतो. पश्चिमेच्या वाळूजवळचे पाणी नवख्यांना सोपे. सकाळी वारा कमी आणि पाणी स्वच्छ असते. एप्रिल ते जून समुद्र सहसा शांत. ऑगस्ट ते ऑक्टोबर हा वादळांचा काळ, आणि त्या दिवसांत काही बोटी बंद असतात. ऑक्सिबेंझोन आणि ऑक्टिनॉक्सेट असलेली सनस्क्रीन व्हर्जिन बेटांत मार्च २०२० पासून कायद्याने बंद आहेत. झिंक ऑक्साइडचे मलम चालते. पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा सदरा त्याहून बरा.

पायवाटेवर जुने एल्कहॉर्नचे छत आता नाही. मोठमोठे सांगाडे उभे आहेत, त्यांवर शेवाळ, समुद्रपंखे आणि अधूनमधून जिवंत एल्कहॉर्नची नवी कोवळी फांदी, टोकाला पांढरी. टोकाचा हा पांढरेपणा वाढीचा असतो. बुंध्याकडून वर चढणारा पांढरा पट्टा रोगाचा. चांगला कप्तान पाण्यात उतरण्याआधी हा फरक सांगतो आणि पंख प्रवाळाला लागू न देण्याची ताकीद देतो. उत्तरेची लाट मोठी असेल त्या दिवशी तो पायवाटेवर कोणालाच सोडत नाही. बोट पश्चिमेला वाळूजवळ थांबते आणि स्नॉर्केलिंग तिथेच होते.